अर्धा भोंगा

लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी रोज दोन पिशव्या न्यायचे. एकीत वह्या-पुस्तकं आणि दुसरीत माझे दाखले. जन्माचा, रहिवासाचा, बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेल्या दहावीचा आणि बारावीचा, प्रवेश परीक्षेचा, आणि सगळ्यांत खाली आठवीनंतरचा, शाळा सोडल्याचा. ते कुणी मागितले नव्हते. प्रवेशाच्या वेळी एकदा बघून झाले होते, शिक्केही बसले होते. पण मला सारखं वाटायचं, एक दिवस वर्गाच्या दारात कुणीतरी उभं राहील आणि म्हणेल, "बाई, तुम्ही इथं कशा?" तेव्हा कागद हाताशी असलेले बरे.

दुसऱ्या वर्षीही पिशवी नेली. तिसऱ्या वर्षी तिचे बंद तुटले, तेव्हा सुतळी बांधली आणि नेत राहिले. माझ्या बाकावर मंगळवेढ्याहून एसटीनं येणारी एक मुलगी बसायची, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. ती म्हणायची, "ताई, तुमची ती पिशवी बगितली की मला वाटतंय माजंच काईतरी घरी राहिलंय."

मी भंडारा जिल्ह्यातली, धानाच्या मुलखातली. सोलापुरात माझ्या आत्याच्या नवऱ्याला टॉवेलच्या कारखान्यात काम लागलं होतं. आत्याला जुळी झाली, आणि ती सांभाळायला म्हणून मला आणलं. आठवीची परीक्षा नुकतीच झाली होती. "रोवणीपर्यंत परत ये," असं आईनं सांगितलं. रोवणी, म्हणजे आमच्याकडची भाताची लावणी, आली, गेली, जुळी चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत गेली. पुढं आत्याचं बिऱ्हाड गावी परतलं आणि मी राहिले, कारण तोवर मलाही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्याच कारखान्यात, चेकिंग खात्यात काम मिळालं होतं. तेव्हा लागलेली उन्हाळ्याची सुट्टी अजून संपलेली नाही, असं मी गावी फोनवर सांगते. आईला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

शाळा सुटली ती तेरा वर्षं सुटलेली होती. परत सुरू कशी झाली ती वेगळीच कथा आहे, त्यात खात्याच्या मोठ्या बाईंचा हात आहे. त्यांनीच फॉर्म आणून पुढ्यात ठेवला होता आणि कॉलेज लागल्यावर माझी वेळ दुपारी बारानंतरची करून दिली. त्यांचे आभार मानताना मी इतक्यांदा रडले की शेवटी त्या म्हणाल्या, "आता पुरे. टॉवेल ओला होतोय."

आभार मानायची मला सवयच आहे. कॉलेजात शिपाईकाकांनी फळा पुसला तरी माझ्या तोंडून थँक्यू जायचं. ते बिचारे दचकायचे.

कायदा मी मागून घेतला होता, इतिहास नाही. पाच वर्षांच्या कोर्सात तो बरोबरच येतो, साडीला ब्लाऊजपीस लागून येतो तसा. पहिल्या वर्षी मला तो कापून बाजूला ठेवावासा वाटायचा. पण आमच्या इतिहासाच्या मॅडम आणि पुराव्याचा कायदा शिकवणारे सर यांची टेबलं एकमेकांना लागून होती, डबा एकत्र होता आणि भांडण रोजचं होतं. मॅडम म्हणायच्या, "माणूस चुकीचं आठवतो तेव्हाही काहीतरी खरं सांगत असतो." सर म्हणायचे, "माणूस चुकीचं आठवला की समोरच्या वकिलाला चहा सांगायला हरकत नाही." आम्ही मुलं सकाळी आधी एकाच्या तासाला बसायचो, मग दुसऱ्याच्या, आणि दोन्ही वेळा माना डोलवायचो.

तिसऱ्या वर्षी दोघांनी मिळून एक प्रकल्प काढला. गावातल्या एका वयस्क माणसाकडून त्याच्या आयुष्यातल्या एका दिवसाची हकिगत घ्यायची. इतिहासासाठी ती लिहायची आणि पुराव्याच्या कायद्यासाठी ती तपासायची. शेवटी पोलीस ठाण्यात जबाबाखाली असते तशी ओळ टाकायची: वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. त्याखाली सांगणाऱ्याची सही. मग बाहेरच्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा. प्रकल्प पास झाला नाही तर टर्म लागणार नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे वर्ष गेलं.

बाकीच्यांना वर्ष गेलं तर वर्ष जाणार होतं. माझं तसं नव्हतं. एकदा थांबले की मी लवकर चालू होत नाही, हे मला अनुभवानं माहीत होतं. मागच्या वेळी थांबले तेव्हा तेरा वर्षं लागली.

माणूस शोधायला मला लांब जावं लागलं नाही. माझ्या खोलीसमोर, गल्लीच्या पलीकडच्या बाजूला एक मावशी राहायच्या. जुन्या गिरणीत, वायंडिंग खात्यात, म्हणजे जिथं सूत नळ्यांवर गुंडाळतात तिथं, गिरणी बंद होईपर्यंत अठरा वर्षं कामाला होत्या. मुलगा पुण्यात नोकरीला. घरात त्या एकट्या, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याला रोज ताजं फूल, आणि दारात रेडिओ. मला त्या 'वकीलीण' म्हणायच्या, आणि माझ्या डब्यातला भात बघून त्यांना दर वेळी नव्यानं वाईट वाटायचं. "भातावर माणूस वकील हुतंय व्हय? कोर्टात उभं तरी ऱ्हाता येईल का तुला?"

मी म्हटलं, "मावशी, गिरणी बंद झाली त्या दिवसाचं सांगा."

"मोबाईल आत ठेव. त्यो बगितला की माजं त्वांड उगडत न्हाय."

म्हणून मी वहीत लिहून घेतलं, तीन वेळा. पहिल्यांदा त्या दारात मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, सकाळी भोंगा झाला, मी निघाले, जाऊन बघते तर गेटला कुलूप. दुसऱ्यांदा आम्ही रेशनच्या रांगेत होतो. तिथं म्हणाल्या, त्या दिवशी भोंगाच झाला नाही. तिसऱ्यांदा परत दारात. भोंगा झाला, सासू उंबऱ्यात बसली होती, ती म्हणाली, आज अर्धाच झाला गं; मी म्हटलं, आत्याबाई, अर्धा भोंगा नसतो, आणि निघाले. तिन्ही वेळा मध्येच सासू यायची. सासूनं गिरणीत कसं लावलं, सासूचा पान खायचा डबा, सासूनं मुकादमाला काय ऐकवलं. एकदा पाऊस पडत होता, एकदा ऊन होतं. वॉचमनला घातलेल्या शिव्या मात्र तिन्ही वेळा त्याच होत्या, चार, त्याच क्रमानं.

वही भरली. हे असं परीक्षकांपुढे कसं ठेवायचं?

इथं माझं काम सांगायला हवं. चेकिंग खात्यात आम्ही टॉवेल उजेडात धरतो. कुठं गाठ दिसली, धागा तुटलेला दिसला की चिमट्यानं गाठ काढायची, त्याच लॉटचा धागा सुईनं ओवायचा, आणि बोटानं दाबून असा बसवायचा की कुणाला कळू नये. ज्याची दुरुस्ती दिसते तो टॉवेल 'सेकंड' होतो आणि वेगळ्या गठ्ठ्यात जातो. माझ्या हातचा टॉवेल सहसा सेकंडात जात नाही. या एका बाबतीत मला भीती वाटत नाही.

तर मी वही उजेडात धरली आणि कामाला लागले. भोंगा झाला, की नाही झाला? तीनपैकी दोनदा झाला, म्हणजे झाला. पाऊस की ऊन? ढगाळ. सासू विषयाला सोडून होती, तिला सगळीकडून काढली. 'अर्धाच झाला' याला काही अर्थ नव्हता, ती गाठ काढली. शिव्या काढल्या आणि तिथं भोक दिसायला लागलं म्हणून 'डोळ्यांत पाणी आलं' ओवलं.

आणखी एक गाठ होती. सासऱ्यांच्या काळात विणकामाच्या खात्यात त्यांच्या लोकांना घेत नसत, असं मावशी म्हणाल्या होत्या. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि यांच्या तोंडाला लागलेला धागा बाकीच्यांना चालायचा नाही. म्हणून सासू वायंडिंगला, म्हणून सूनही वायंडिंगला. "आन् ते समदं सूत आमच्याच हातनं गुंडाळून जायाचं बरं का," असं म्हणून त्या मेथीची जुडी आपटत हसल्या होत्या. मी ते लिहिलं: 'त्या काळी काही खात्यांत काही लोकांना प्रवेश नसे.' दाबून बसवलं. अगदी कळत नव्हतं.

अकरा पानं झाली. नेट कॅफेत टाईप करून घेतली, स्पायरल बाइंडिंग केलं. मी ती पानं खात्यात नेऊन मोठ्या बाईंनाही दाखवली. त्या कडेनं बोट फिरवत म्हणाल्या, "फर्स्ट क्वालिटी."

सोमवारी परीक्षा होती. गुरुवारी सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी मावशींकडे गेले. मावशी पाय पसरून बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "वाच." मी सगळं वाचलं. खालची ओळ वाचली आणि पेन पुढं केला.

त्यांनी डोळे उघडले. "लई झ्याक लिवलंयस. रेडिओवर लागल्यावानी वाटलं."

"थँक्यू मावशी."

"पन ही बाई कोन?"

"कुठली बाई?"

"ह्यातली. गेट बंद दिसलं आन् रडायला लागली ती."

"तुम्हीच की मावशी."

"मी कवा रडले? मी त्या वॉचमनला शिव्या घातल्या. तुला सांगितल्या न्हवं? चार सांगितल्या."

"त्या कशा लिहायच्या? परीक्षक असतात."

"आन् माजी सासू कुटं गेली?"

मी पानांच्या कडा जुळवायला लागले.

"तीनदा सांगितली तुला. तिला काय मारून टाकलीस व्हय?"

"मावशी, विषय गिरणीचा होता..."

"आगं, मला गिरणीत कुनी घातलं? तू घातलंस?" त्यांनी माझ्या हातातनं पानं घेतली, लांब धरली, परत दिली. "शेवटचं काय हाय ते वाच पुना."

मी वाचलं. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

"हाय का बरोबर?"

मी पेनाला टोपण लावलं.

"मग? कायदा शिकतीस, आन् खोट्या कागदावर माजी सही घेतीस?"

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. मावशींना सही करायला आवडते. पेन्शनच्या कागदावर, गॅसच्या पावतीवर त्या पूर्ण नाव लिहितात, शेवटच्या अक्षरावर शेपटी काढतात. माझ्या अकरा पानांवर त्यांनी ती काढली नाही.

शुक्रवारी बाकावरच्या मुलीला मी सगळं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "तुमीच ठोका की सही. कोन बगतंय?" मग माझं तोंड बघून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुमी एसटीत तिकीट काडून पन कंडक्टरला दोनदा दाकवता. तुमाला न्हाय जमायचं."

तास सुटल्यावर मी मॅडम-सरांच्या टेबलापाशी गेले. डबा उघडा होता, वादही चालू होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आणि शेवटी, मला घरी पाठवायचं असेल तर कागद बरोबर आहेत, असंही सांगितलं.

सरांनी घास खाली ठेवला. "ह्याला काय म्हणतात, ठाऊक आहे ना? कलम विचारत नाही. नवा कायदा आल्यापासून कलमांचे आकडे माझेही गोंधळतात. साध्या भाषेत सांगा."

"पुराव्यात फेरफार, सर."

"घरी कशाला पाठवायचं?" मॅडम म्हणाल्या. "कच्ची वही फाडलीस का?"

"नाही मॅडम."

"का नाही फाडलीस?"

खरं कारण असं होतं की आमच्या खात्यात काढलेला धागा लगेच टाकत नाहीत. तुकडा पास होईपर्यंत डबीत ठेवतात, त्याच रंगाचा परत लागला तर कुठून आणायचा? तेवढ्या सवयीनं वही राहिली होती. मी तसं सांगितलं. सर मॅडमकडे बघायला लागले. मॅडमनी डब्यातली शेंगाचटणी त्यांच्या बाजूला सरकवली आणि मला म्हणाल्या, "रविवार आहे तुझ्याकडे. उसव."

"आणि सोमवारी सहीशिवाय येऊ नका," सर म्हणाले. "टर्म माझ्या सहीनं लागते, आणि माझी सही त्यांच्या सहीवर अवलंबून आहे."

रविवारी आमचं खातं बंद असतं. मी सकाळीच वही, कोरे कागद आणि दाखल्यांची पिशवी घेऊन मावशींकडे गेले. पिशवी कशाला नेली ते विचारू नका. मावशींनी विचारलंच.

"ह्ये काय, राहायला आलीस?"

"तसंच समजा."

त्यांनी चहा टाकला. मी वहीतलं वाक्य न् वाक्य वाचायला लागले, जसं बोलल्या तसं. मावशी मध्ये मध्ये "हां, ह्ये माजं," म्हणायच्या. सासू पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी मान हलवली, जशी कुणी ओळखीचं दारातून आत आल्यावर हलवतो. तोंडाच्या धाग्याचं आलं तेव्हा मी अडखळले.

"वाच की. आमी सोसलं, तुला वाचाया काय जातंय?"

वाचलं. तसंच लिहिलं.

मग भोंग्यापाशी आले. मी म्हटलं, "मावशी, इथं तुम्ही म्हणता झाला, इथं म्हणता झाला नाही. मी दोन्ही लिहिते. पण खरं कुठलं?"

"दोनी."

"दोन्ही कसं खरं असेल?"

"तू हितली न्हाईस, तुला कळायचं न्हाय." त्यांनी कपबशी बाजूला केली आणि जमिनीवर बोटानं दोन ठिपके काढले. "ही आमची गिरनी. ही पल्याडची. दोनीचा भोंगा एकाच टायमाला. जलमभर दोन भोंगं ऐकलं, पन कानाला एकच. कळलं? त्या दिवशी आमचा झालाच न्हाय. पल्याडचा झाला. आमाला वाटलं, झाला. समदी गल्ली निघाली की. गेटवर जाऊन बगतोय तर कुलूप."

मी वहीची पानं मागं उलटली. तिसऱ्या वेळची हकिगत, मी चिमट्यानं काढलेली ओळ. तिच्यावर बारीकशी काट होती, पण वाचता येत होती.

"म्हणजे सासूबाई म्हणाल्या, आज अर्धाच झाला..."

"मग काय सांगतीया मी तुला!" मावशी म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांचं बोट दुसऱ्या ठिपक्यावर होतं. "आगं... म्हातारीला कळलं हुतं की."

"तुम्हाला नव्हतं लक्षात आलं?"

"मी कुटं ध्यान दिलं? मी म्हनलं, कान गेले हिचे. हितं चूल, तितं पोरगं, मला पळायचं हुतं." त्या एकदम हसायला लागल्या. "वरून म्हनत असंल, बग, सून तीस वर्सांनी ऐकतीया!"

दुपारपर्यंत सगळं नव्यानं लिहून झालं. हातानंच लिहिलं, टाईप करायला वेळ नव्हता. पाऊस एका ठिकाणी, ऊन एका ठिकाणी, दोन्ही ठेवलं. शिव्यांवर आमची घासाघीस झाली. मी पहिलं अक्षर आणि पुढं टिंबं, असं सुचवलं. मावशी म्हणाल्या, टिंबं वॉचमनला घातली नव्हती. चारही लिहिल्या. सगळं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतला, पूर्ण नाव लिहिलं, शेपटी काढली. मग शेजारी मोकळी जागा दिसली म्हणून तिथं सासूचंही नाव लिहिलं.

"दोघींनी सांगितलंय," म्हणाल्या.

सोमवारी परीक्षेला माझा नंबर चौथा होता. टेबलापलीकडे मॅडम, सर आणि मध्ये बाहेरगावचे परीक्षक, पांढऱ्या मिशांचे. माझ्या आधीची मंगळवेढ्याची मुलगी बाहेर आली आणि कानात म्हणाली, "भायेरचे सर शांत हायत. आपले सर चावतायत."

सर खरंच चावत होते. "तुमची साक्षीदार एकदा म्हणते भोंगा झाला, एकदा म्हणते झाला नाही. अशा साक्षीदारावर कोर्टानं विश्वास का ठेवावा?"

"सर, पान सहा बघता का... म्हणजे बघावं, अशी विनंती."

परीक्षकांनी पान सहा काढलं. दोन ठिपके मी तिथं काढले होते. त्यांनी वाचलं, मिशीवर हात फिरवला, पान सरांपुढे सरकवलं. सरांनी ते आधीच वाचलेलं असणार, पण परत वाचल्यासारखं केलं.

"बरं. 'आज अर्धाच झाला' हे कोण म्हणालं?"

"मावशींच्या सासूबाई."

"त्या कुठं आहेत?"

"वारल्या, सर."

"म्हणजे ऐकीव पुरावा. वारलेल्या बाई काय म्हणाल्या हे दुसऱ्याच्या तोंडून. चालेल?"

प्रश्न ऐकताना मला गंमत वाटली, कारण हा धागा कुठं घालायचा ते मला दिसत होतं. "सर, भोंगा अर्धा होता हे सिद्ध करायला मी ते मांडतच नाही. सासूबाई तसं म्हणाल्या आणि सुनेनं लक्ष दिलं नाही, एवढंच मांडते. आणि त्या म्हणाल्या हे सुनेनं स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तेवढ्यापुरतं ते ऐकीव नाही."

सर थोडे मागं टेकले. "आणि भोंगा खरोखर अर्धा होता की नाही?"

"ते मी मॅडमच्या पेपरात लिहिते, सर."

परीक्षक मोठ्यानं हसले. मॅडम सरांकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात तीन वर्षांच्या डब्यांचा हिशोब चुकता झाल्याचं समाधान होतं. मी घाबरून सॉरी म्हटलं, मग थँक्यू म्हटलं.

"एक राहिलं," मॅडम म्हणाल्या. "शेवटी ही टाईप केलेली अकरा पानं पण जोडलीस. ही तर चुकीची. कशाला?"

"तो सेकंडचा माल आहे मॅडम. पण आमच्याकडे सेकंड टाकून देत नाहीत. वेगळा गठ्ठा बांधतात आणि वर तसं लिहितात."

सरांनी पान उलटलं. वर मी तसं लिहिलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढून पहिल्या पानावर सही केली. शेपटीबिपटी काही नाही, नुसती रेघ. पण टर्म लागली.

बारा वाजता कामावर पोचायचं होतं, तरी मी आधी गल्लीत पळाले. मावशी दारातच होत्या.

"लागली का?"

"लागली!"

"शिव्या वाचल्यास?"

"सरांनी मनात वाचल्या."

"किती?"

"चारही."

"बरं झालं. अर्ध्यावर सोडल्या असत्या तर पुना जावं लागलं असतं." मग त्यांनी दाराआडून सुतळी बांधलेली पिशवी काढली. "ही तुजी हितंच ऱ्हायली की काल. म्हनलं, आता पोरीला कुनी आत घेतंय का न्हाय. मागितली न्हाय व्हय कुनी?"

मी पिशवीकडे बघितलं. सकाळी बसमध्ये, वर्गात, टेबलापुढं, मला तिची आठवणच झाली नव्हती. कागदावर दोघींची नावं घेऊन गेले होते, तेवढ्यात सगळं बसलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "कुणीच नाही मागितली."

"मग ऱ्हाऊ दे हितंच. माज्या ट्रंकेत टाकते, माज्या कागदांसंगट. लागली तर ये घ्यायला." त्या आत गेल्या, ट्रंकेचं झाकण वाजलं, आणि बाहेर आल्या त्या वर्तमानपत्रात बांधलेल्या कडक भाकरीची चळत घेऊन. "हात मोकळाच हाय न्हवं तुजा? ह्ये धर. खात्यात समद्यांना वाट. आन् तुज्या त्या मोठ्या बाईला सांग, वकीलीण भातावर न्हाय झाली."

"मावशी, अजून दोन वर्षं आहेत व्हायला."

"मग दोन वर्सं खा की."

मी भाकरी छातीशी धरून रिक्षाकडे धावले. थँक्यू म्हणायचं राहिलं, ते कोपऱ्यावर लक्षात आलं. वळून हात केला तर मावशी रेडिओ लावत होत्या.